घराचा खरा भाव कुठे लिहिलेला असतो?

डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत साडेएकोणीस हजारांच्या आसपास घरांचे दस्त नोंदले गेले. एरवी हा आकडा महिन्याला सहा हजारांच्या आगेमागे असे. करोनाची पहिली लाट नुकती ओसरत होती, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, पगार कापले जात होते, आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत मात्र गर्दी मावत नव्हती. नुसता आलेख पाहणाऱ्याला वाटावे की घरांना एकाएकी सोन्याचे दिवस आले. प्रत्यक्षात राज्य सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले होते. मुंबईत ५ टक्क्यांऐवजी २ टक्के. ही सवलत ३१ डिसेंबरला संपणार होती आणि पुढचे तीन महिने ती तीनवरून दोन टक्क्यांवर येणार होती. कोटीभराच्या घरामागे एक लाख रुपये वाचत असतील, तर फेब्रुवारीत घर घ्यायचे ठरवलेला माणूस डिसेंबरातच सही करतो. जानेवारीत नोंदणी दहा हजारांच्या घरात उतरली.

त्यातही एक मेख होती. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दस्त केल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदवता येतो. शुल्क डिसेंबरात भरायचे, सही करून ठेवायची आणि नोंदणी सवडीने करायची, असे पुष्कळांनी केले. म्हणजे २०२१ च्या सुरुवातीच्या आकड्यांत २०२० चे सौदेही मिसळलेले होते.

घरात किंवा जमिनीत पैसे गुंतवण्याआधी ‘मार्केटचा अभ्यास करा’ असे सगळेच सांगतात. तो अभ्यास बहुधा जाहिराती, ओळखीचा एजंट आणि मेहुण्याने गेल्या वर्षी घेतलेला फ्लॅट एवढ्यावर आटोपतो. आकडे हाताशी असताना असे व्हावे याचे मला वाईट वाटते. पण हाताशी आहेत म्हणून ते जसेच्या तसे उचलणेही तितकेच धोक्याचे. बाजारातला प्रत्येक आकडा कोणीतरी, कशासाठी तरी लिहिलेला असतो. जाहिरातीतला आकडा विकण्यासाठी, दस्तातला कर भरण्यासाठी, बँकेच्या मूल्यांकनातला कर्ज बसवण्यासाठी. लिहिणाऱ्याचा हेतू कळला की आकडा किती मनावर घ्यायचा तेही कळते.

महाराष्ट्रात या अभ्यासाची सुरुवात करायची ती सूची क्रमांक दोनपासून, म्हणजे सगळे ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात त्या कागदापासून. खरेदीखत असो वा करारनामा, नोंदणी झाली की त्याचा गोषवारा या सूचीत उतरतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. मुंबईसाठी १९८५ पासूनचे आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी २००२ पासूनचे दस्त तिथे शोधता येतात. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा क्रमांक एवढे द्यावे लागते. हा क्रमांक कुठे सर्व्हे नंबर असतो, कुठे गट नंबर, कुठे सीटीएस नंबर. एकाच इमारतीचे दस्त कधी जुन्या सर्व्हे नंबराखाली तर कधी नव्याखाली सापडतात, म्हणून दोन्ही टाकून पाहावे. संकेतस्थळ वेळखाऊ आहे. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे आले की लोक सोडून देतात. चिकाटी धरणाऱ्याला मात्र एका संध्याकाळी जे हाती लागते, ते एजंटांच्या चार भेटींत मिळत नाही.

सूची दोनच्या पानावर चौदा रकाने असतात. दुसरा ‘मोबदला’, म्हणजे प्रत्यक्ष ठरलेली किंमत. तिसरा ‘बाजारभाव’, आणि इथे नवखा माणूस हमखास फसतो. हा बाजारभाव बाजारात ठरलेला नसतो. तो सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून काढलेला असतो. चौथ्या रकान्यात मिळकतीचे वर्णन, पाचव्यात क्षेत्रफळ. नववा दस्त करून दिल्याचा दिनांक आणि दहावा नोंदणीचा. भावाचा माग काढताना नववा धरायचा, कारण भाव ठरला तो त्या सुमारास. डिसेंबर २०२० ची गंमत कळायला हे दोन रकाने शेजारी ठेवले तरी पुरे होते.

रेडी रेकनरबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्याची सावली दस्तातल्या मोबदल्यावर पडते. गावोगावचे, विभागवार दर त्यात दिलेले असतात: खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालये, दुकाने, औद्योगिक. दर चौरस मीटरला, आणि सदनिकेसाठी बांधीव क्षेत्रावर. मुद्रांक शुल्क मोबदला आणि हे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते. शिवाय करार या मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली झाला, तर आयकर खाते फरकाची रक्कम विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही गळ्यात घालते. परिणाम उघड आहे. ज्या भागात खरा भाव रेडी रेकनरच्या जवळपास किंवा खाली आहे, तिथे कागदावरचे मोबदले रेकनरच्या आकड्याला चिकटून बसलेले दिसतात. खरा भाव बराच वर आहे, तिथे उरलेली रक्कम रोखीत जाण्याचा मोह असतो. जुन्या घरांच्या पुनर्विक्रीत आणि प्लॉटच्या व्यवहारांत हे जास्त चालते. मोठ्या प्रकल्पात, भरपूर कर्ज काढून घेतलेल्या नव्या फ्लॅटमध्ये कमी, कारण कर्जाची रक्कम वाढवायला करारातला आकडा मोठा हवा असतो. म्हणून पाच-सहा दस्तांचा मोबदला रुपयाच्या फरकाने बाजारभावाएवढाच दिसला, तर तो भाग ‘स्वस्त’ आहे असे मानू नये. तिथे कागद बोलायचा थांबला आहे, एवढेच त्यातून कळते.

रेकनरचे दर पायऱ्यांनी चढतात हेही ध्यानात ठेवावे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांत राज्याने ते बदललेच नाहीत. मग १ एप्रिल २०२५ पासून सरासरी ४.३९ टक्के वाढ केली. बाजार दोन वर्षे स्वस्थ बसला होता आणि एका सकाळी जागा झाला, असा याचा अर्थ नाही. रेकनरच्या आकड्यांवरून ‘या भागात इतकी वाढ झाली’ असे सांगणारा माणूस सरकारच्या निर्णयाचा आलेख दाखवत असतो.

आता दस्त हाती आले म्हणजे काय करायचे? पहिल्यांदा चाळणी. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत, पुनर्विकासातल्या जुन्या रहिवाशाला दिलेल्या पर्यायी जागेचा करार, हे सगळे त्याच यादीत येतात आणि त्यांतल्या रकमांचा भावाशी संबंध नसतो. घेणारा आणि देणारा एकाच आडनावाचे असतील तर तो दस्तही बाजूला. राहिलेल्यांत एकाच इमारतीतले किंवा अगदी शेजारच्या, साधारण एकाच वयाच्या इमारतींतले, गेल्या वर्ष-दीड वर्षातले आठ-दहा व्यवहार मिळाले तरी पुष्कळ झाले. त्यांची सरासरी काढण्यापेक्षा त्यांना चढत्या क्रमाने लावून मधला आकडा पाहावा. गच्चीसह विकलेला वरच्या मजल्यावरचा एकच फ्लॅट सरासरी कुठच्या कुठे नेऊन ठेवतो.

क्षेत्रफळात सर्वांत जास्त फसगत होते. समजा सूचीत ६५ चौरस मीटर कार्पेट आणि ८० लाख मोबदला आहे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ ७०० चौरस फूट. भाव पडला चौरस फुटाला सुमारे ११,४३०. तोच फ्लॅट एजंट ३५ टक्के लोडिंग लावून, म्हणजे सामाईक जागेचा वाटा क्षेत्रात मिळवून, ‘९४५ सेलेबल’ म्हणून सांगतो आणि भाव ८,४६६ होतो. शेजारच्या इमारतीत कार्पेटवर साडेदहा हजार मागितले की ती महाग वाटू लागते, वास्तविक ती स्वस्त आहे. रेरा कायद्याने विक्री कार्पेटवर करायला लावली, तरी पुनर्विक्रीच्या बोलण्यात सेलेबल अजून जिवंत आहे. त्यामुळे प्रत्येक दस्तातले क्षेत्र कार्पेट आहे की बिल्टअप, बाल्कनी आणि पार्किंग त्यात धरले आहे की वेगळे लिहिले आहे, हे चौथ्या रकान्यातल्या वर्णनातून वाचून मगच भागाकार करावा.

नव्या प्रकल्पांत आणखी एक पडदा असतो. करारातला भाव टिकवायचा आणि सवलत दुसरीकडून द्यायची: मुद्रांक शुल्क बिल्डर भरणार, जीएसटी बिल्डर सोसणार, स्वयंपाकघर तयार करून देणार, आता २० टक्के भरा आणि उरलेले ताब्याच्या वेळी. यातले काहीच सूची दोनमध्ये उतरत नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे, परवडणाऱ्या घरांना १ टक्का. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के. हे दोन्ही बिल्डरने उचलले तर कागदावरचा भाव शंभर असला तरी बिल्डरच्या पदरात ८८ च पडले. मंदी प्रथम अशा सवलतींत दिसते, करारातल्या भावात ती उशिरा उतरते. म्हणून ‘भाव पडले नाहीत’ या बातमीबरोबर सवलतींच्या जाहिराती वाढल्या आहेत का, हे मी नेहमी पाहतो.

शहराच्या पातळीवरचे निर्देशांक याला पर्याय ठरत नाहीत, पण पार्श्वभूमी देतात. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक नोंदणी खात्यांकडच्या व्यवहारांवरून तिमाहीला काढला जातो. २०१०-११ पाया धरलेल्या त्याच्या जुन्या मालिकेत दहा शहरे होती. मुंबई होती, पुणे नव्हते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा ‘रेसिडेक्स’ २००७ मध्ये सुरू झाला. तो आता ५० शहरांचा असतो आणि त्याचा एक निर्देशांक बँकांनी कर्ज देताना केलेल्या मूल्यांकनावर उभा आहे. मूल्यांकन करणारा सावध असतो, त्यामुळे अशा निर्देशांकात चढउतार थोडे गुळगुळीत होऊन येतात. दोन्ही निर्देशांक शहराचे आहेत. पुण्यातल्या वाकडच्या गल्लीतल्या इमारतीबद्दल ते काही सांगत नाहीत.

त्यासाठी एक जुनी, फार सुंदर रीत आहे. बेली, मुथ आणि नोर्स या अमेरिकी संशोधकांनी १९६३ मध्ये ती मांडली आणि पुढे कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८० च्या दशकात ती नावारूपाला आणली. वेगवेगळ्या घरांच्या भावांची तुलना करायचीच नाही. तेच घर दोनदा विकले गेले असेल, तर त्या दोन किमतींची तुलना करायची. यंदा मोठी घरे जास्त विकली गेली म्हणून सरासरी वाढली, असला घोळ आपोआप टळतो. सूची दोनमध्ये फ्लॅटचा नंबर असतो, म्हणून एखाद्या जुन्या सोसायटीसाठी हे आपणही करू शकतो. समजा एक फ्लॅट २०१४ मध्ये ६० लाखांना गेला आणि तोच २०२४ मध्ये ९० लाखांना. ‘दहा वर्षांत दीडपट’ हे ऐकायला बरे वाटते. चक्रवाढीने तो दर वर्षाला ४.१ टक्के पडतो. घेणाऱ्याने शुल्क, नोंदणी वगैरे धरून ६४ लाख घातले असतील तर साडेतीन टक्के. असे चार-पाच फ्लॅट काढून पाहिले की त्या भागाबद्दलच्या पुष्कळ दंतकथा गळून पडतात.

भाव कळला तरी पुरवठा कळल्याशिवाय पुढचे बोलता येत नाही. १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखालचे राज्याचे प्राधिकरण, सुरू झाले. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठांहून जास्त सदनिकांचा प्रकल्प तिथे नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. नोंदणी क्रमांकाचे पहिले आकडे जिल्हा सांगतात: पुण्याचा ५२१, मुंबई उपनगरचा ५१८. जाहिरातीतला क्यूआर कोड स्कॅन केला की प्रकल्पाचे पान उघडते. त्यावर एकूण सदनिका किती, बुक किती, पूर्ण करण्याची मूळ तारीख कोणती, वाढवून घेतलेली कोणती, जमिनीवर बोजा आहे का, दावे आहेत का, हे दिसते. लोक हे पाहतात आणि थांबतात. पुढे एक नमुना तीन नावाचा कागद असतो, सनदी लेखापालाने दिलेला. खर्च किती झाला, किती व्हायचा, विकलेल्या सदनिकांचे येणे किती आणि न विकलेल्या किती, याचा हिशोब त्यात असतो. येणे बाकी आणि न विकलेला माल मिळून उरलेल्या खर्चाला पुरत नसेल, तर ताब्याची तारीख पुढे जाणार हे तिथेच लिहिलेले आहे. घर आरक्षित करणाऱ्या किती जणांनी हा कागद वाचला असेल! आयुष्यभराची बचत ज्या इमारतीत चालली आहे तिचा हिशोब असा उघडा ठेवलेला असताना तो कोणी वाचू नये, ही मला खरी खंत वाटते.

एकाच गावातल्या सगळ्या प्रकल्पांच्या न विकलेल्या सदनिका जोडून त्याला दरमहाच्या विक्रीने भागले की किती महिन्यांचा माल पडून आहे ते निघते. बाराशे पडून आहेत आणि महिन्याला साठ जातात, तर वीस महिने. त्यात नवे टप्पे रोज भर घालत असतात. महिन्यांचा हा आकडा तिमाही-तिमाहीने वाढत असेल, तर तिथल्या भाववाढीच्या गप्पांवर विश्वास ठेवायला मी तयार नसतो.

भाड्याची बाजू तुलनेने स्वच्छ आहे. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. हे करारही सूचीत येतात, त्यामुळे इमारतीतले प्रत्यक्ष भाडे आणि अनामत दोन्ही कळतात. हिशोब मात्र कोरडेपणाने करावा. समजा ९० लाखांचा तयार फ्लॅट पुण्यात घेतला. मुद्रांक शुल्क ६ लाख ३० हजार, नोंदणी ३० हजार, एक टक्का दलाली ९० हजार, आणि भाडेकरूला चालेल असे फर्निचर अडीच लाख. कोटी पुरे झाले. भाडे महिना २५ हजार, वर्षाचे तीन लाख. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ४८ हजार, मिळकतकर २० हजार, वर्षातून एक महिना घर रिकामे म्हणून २५ हजार गेले. उरले २ लाख ७ हजार. कोटीवर दोन टक्क्यांहून थोडे जास्त, तेही आयकराआधी. बाकीचा सगळा परतावा भाववाढीतून यायचा आहे, आणि ती भाववाढ कुठून येणार हे सांगता आले पाहिजे.

इथे बहुतेक जण ‘मेट्रो येणार आहे’ हे उत्तर देतात. हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले, प्रत्यक्ष काम २०२१ च्या अखेरीस सुरू झाले. इतकी वर्षे प्रत्येक विक्रेता ती मेट्रो किमतीत धरूनच बोलत आला आहे. तिचा परिणाम किमतीत आधीच किती उतरला, हे मार्गालगतच्या आणि मार्गापासून दोन-तीन किलोमीटर आत असलेल्या इमारतींचे २०१७ पासूनचे दस्त शेजारी ठेवून पाहता येते. दोन्हींचे भाव बरोबरीनेच वाढले असतील तर मेट्रोने अजून वेगळे काही दिलेले नाही. मार्गालगतचे बरेच पुढे गेले असतील तर देण्यासारखे बहुतेक देऊन झाले. हद्दवाढीचेही तसेच. २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत आली तेव्हा ‘आता कॉर्पोरेशनचे पाणी’ म्हणून भाव सांगितले गेले. २०१७ मध्ये आत घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पाणी खरोखर येते का, हे सोसायटीच्या वार्षिक जमाखर्चातल्या टँकरच्या खर्चात दिसते. तो जमाखर्च कुठल्याही संकेतस्थळावर नसतो. सचिवांना भेटून मागावा लागतो, आणि बहुतेक वेळा ते दाखवतात.

एक गोष्ट गुंतवणूकदार फार उशिरा पाहतात: आपल्याला विकायचे असेल तेव्हा घेणारा कोण? त्याचे उत्तरही त्याच सूचीत आहे. दोनशे घरांच्या सोसायटीत वर्षभरात पुनर्विक्रीचे दस्त किती झाले ते मोजावे. दहा-बारा असतील तर बाजार हलता आहे. दोन किंवा तीनच असतील, आणि समोरच्या भूखंडावर तोच बिल्डर चौथा टप्पा विकत असेल, तर आपल्या जुन्या फ्लॅटची स्पर्धा नव्या लिफ्टशी, बिल्डरच्या सवलतींशी आणि बँकेने आधीच मंजूर करून ठेवलेल्या कर्जाशी असते. अशा ठिकाणी मागितलेल्या भावाला घर जात नाही. मालक वर्षभर थांबतो आणि मग आठ-दहा टक्के खाली येतो. घेतानाच्या हिशोबात ही घट आणि ते वर्ष दोन्ही धरावे. ज्या सोसायटीत टप्पे संपलेले आहेत, अभिहस्तांतरण होऊन जमीन सोसायटीच्या नावावर आलेली आहे आणि शेजारी मोकळी जमीन उरलेली नाही, तिथे तसेच घर दोन-चार टक्के जास्त देऊनही घ्यायला मी कचरणार नाही.